सायकलीने ओढलेले घर : मोटार आणि ट्रेलर यांच्या जोडीचा इतिहास

१/
१९४७ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. चकाकत्या ॲल्युमिनियमचे एक फिरते घर, त्याला पुढे जोडलेली सायकल आणि त्या सायकलीवर फ्रेंच शर्यतपटू आल्फ्रेड लतूर्नेर. घर अमेरिकेतील एअरस्ट्रीम कंपनीचे होते. ते इतके हलके आहे की एकटा माणूसही ओढू शकतो, हे जगाला दाखवण्यासाठी ते छायाचित्र काढले गेले आणि पुढे त्या कंपनीची ओळखच होऊन बसले.

२/
लतूर्नेर सामान्य सायकलस्वार नव्हता. १७ मे १९४१ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळ मोटारीच्या आडोशाने सायकल चालवत त्याने ताशी १०८.९२ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेग गाठला होता. तरीही त्या छायाचित्राचे रहस्य त्याच्या पायांपेक्षा त्याच्या पायाखालच्या सपाट जमिनीत अधिक आहे.

३/
हिशेब साधा आहे. १००० किलोचे चाकांवरचे घर कठीण, सपाट रस्त्यावर सावकाश ओढायला त्याच्या वजनाच्या शेकडा एक-दोन टक्के जोर पुरतो. म्हणजे १०-२० किलो. रस्ता शंभर पावलांत पाच पावले चढू लागला की त्यात आणखी ५० किलोंची भर पडते. आणि तोच रस्ता उतरू लागला की तेच ५० किलो पाठीमागून ढकलू लागतात.

४/
मोटारीमागे घर जोडणाऱ्या प्रत्येकासमोर म्हणूनच तीन प्रश्न उभे राहतात. चढावर ते ओढले जाईल का? उतारावर आवरले जाईल का? आणि वेगात ते सरळ रेषेत मागे येईल का? सायकलीच्या छायाचित्रात या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही. ती उत्तरे शोधायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

५/
आरंभ घोड्यांपासून होतो. १८८५ साली ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी केवळ हौसेखातर फिरण्यासाठी ‘द वाँडरर’ नावाचे घोडागाडीचे घर ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधून घेतले. लांबी १८ फूट, भरलेले वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. त्या वर्षी ते इंग्लंडमधून निघून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले.

६/
स्टेबल्स यांचा सेवक तीनचाकी सायकलीवर गाडीच्या पुढे जाऊन वाट पाहून येई. ओझे आणि जनावर यांचा मेळ जमतो की नाही, हे रस्त्यावर पोहोचण्याआधीच ठरवावे लागते, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती. दोन टनांचे घर अरुंद चढावर अडकले, तर मागे वळवणेही कठीण होते.

७/
त्या काळच्या गाडीवानाला आणखी एक गोष्ट ठाऊक असे आणि ती महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. दोन चाकांच्या बैलगाडीत भार मागे जास्त झाला की गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. भार पुढे जास्त झाला, तर तो सगळा बैलांच्या मानेवर बसतो. चांगला गाडीवान पोती रचताना जुवावर बेताचा दाब ठेवतो. ना उलाळ, ना मानेवर ओझे.

८/
‘उलाळ’ हा एकच शब्द लक्षात ठेवावा. मोटारीच्या युगात हजारो अपघातांचे मूळ याच शब्दात दडलेले होते. फरक इतकाच, की बैल ताशी चार किलोमीटर चालतो आणि उलाळ गाडी त्याला लगेच कळते. मोटार ताशी शंभर किलोमीटर धावते आणि चालकाला ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

९/
पहिल्या महायुद्धानंतर घोड्याची जागा मोटारीने घेतली. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एक्ल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन बांधून विकायला आरंभ केला. त्याच वर्षी अमेरिकेत, फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही हौशी प्रवाशांची संघटना स्थापन झाली. तंबू, खाटा, डबाबंद अन्न आणि मागे ओढायची छोटी गाडी, असा त्यांचा संसार होता.

१०/
या संसाराला मर्यादा होती ती इंजिनाची. फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीचे इंजिन २० अश्वशक्तीचे होते. १९२७ च्या मॉडेल-ए मध्ये ते ४० वर पोहोचले. १९३२ च्या व्ही-८ मध्ये ६५ वर. एवढ्या शक्तीत जड घर ओढणे अशक्य होते. मोटार वाढवता येत नव्हती, म्हणून कारागिरांनी घर हलके करण्याचा मार्ग धरला.

११/
हलके करणे ही विमान बांधणाऱ्यांची विद्या. त्यामुळे या इतिहासात वैमानिक आणि विमानरचनाकार पुन्हा पुन्हा भेटतात. अमेरिकी विमानविद्येचे एक आद्य प्रवर्तक ग्लेन कर्टिस यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात ‘एरोकार’ नावाचा हलका ट्रेलर तयार केला. त्याचा जोड मोटारीच्या मागच्या टोकाशी नसून मागच्या आसाच्या वर, गाडीच्या आत होता.

१२/
ही जागा महत्त्वाची. ट्रेलरचा भार मोटारीच्या मागच्या आसाच्या पलीकडे, शेपटावर टेकला, तर मोटार तराजूसारखी वागते. मागचा भाग खाली बसतो, पुढचा उचलला जातो. आणि दिशा वळवणारी चाके पुढे असतात. तीच हलकी झाली, तर सुकाणूला पकड राहत नाही. कर्टिस यांनी भार आसाच्या वर आणून हा तराजूच मोडला.

१३/
१९३४ साली हॉली बोलस यांनी ‘रोड चीफ’ हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे हेच बोलस. विमानबांधणीच्या पद्धतीने रिव्हेट मारलेला पत्रा, वाऱ्याला कापणारा आकार. १९३६ साली वॉली बायम यांनी त्या परंपरेत ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ काढला. चार जण झोपू शकतील असे ते घर १२०० डॉलरला होते.

१४/
मग महायुद्ध आले आणि गेले. अमेरिकेत मोटारींची इंजिने मोठी झाली, रस्ते रुंद झाले आणि घरेही वाढत गेली. इथे एक घातक भ्रम जन्माला आला : इंजिन ओढते आहे ना, मग जोडी जमली. चढ जिंकणारे इंजिन उतारावर मात्र फारशा कामाचे नसते, हे दर वेळी कुणाला तरी घाटात कळत असे.

१५/
या भ्रमावरचे सर्वांत लोकप्रिय भाष्य एका विनोदी चित्रपटाने केले. व्हिन्सेंट मिनेली दिग्दर्शित ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ १९५४ साली आला. लुसिल बॉल आणि देसी आर्नाझ हे नवविवाहित जोडपे आपल्या मर्क्युरी मोटारीमागे ३६ फुटी ट्रेलर जोडून निघते. नायिकेला वाटेवरचे सुंदर दगड गोळा करण्याचा छंद. प्रत्येक गावाची आठवण म्हणून एक दगड ट्रेलरमध्ये.

१६/
पुढे पर्वत आहे म्हणून नवरा दगड टाकून द्यायला सांगतो; ती ते लपवून ठेवते. घाटाच्या अरुंद चढावर ते दगड गडगडू लागतात. प्रेक्षक हसले, पण ज्यांच्याकडे ट्रेलर होता, त्यांच्या हसण्यात थोडी भीती असणार. कारखान्यातून निघालेल्या घराचे वजन कागदावर असते. संसार भरलेल्या घराचे वजन काट्यावर चढवल्याशिवाय कुणालाच माहीत नसते.

१७/
खऱ्या रस्त्यावरचा धडा त्याआधीच मिळाला होता. १९५१ मध्ये वॉली बायम यांनी मेक्सिकोतून मध्य अमेरिकेकडे ट्रेलरांचा एक तांडा नेला. निघाले तेव्हा ६३ ट्रेलर होते. शेवटच्या टप्प्यापर्यंत १४ पोहोचले. चिखल, दगड आणि डोंगर यांनी मोटारींची, जोडांची आणि माणसांच्या धीराचीही परीक्षा घेतली.

१८/
बायम यांनी त्यावरून बोध घेतला. १९५९ मध्ये ४१ एअरस्ट्रीम ट्रेलर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून निघाले आणि १९६० मध्ये कैरोला पोहोचले. या वेळी ट्रेलरपुढे मजबूत पिकअप ट्रक मोठ्या संख्येने होते. पिरॅमिडच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्या रुपेरी घरांची छायाचित्रे आजही साहसाचे प्रतीक मानली जातात. त्या साहसामागे मात्र योग्य वाहन निवडण्याचा नीरस हिशेब होता.

१९/
आता दुसरा प्रश्न : आवरणे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. दीड टनाच्या मोटारीमागे दीड टनाचे घर जोडले, तर तेच ब्रेक दुप्पट वस्तुमान थांबवू पाहतात. लांब उतारावर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पकड सोडू लागतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे सह्याद्रीतील ट्रकचालकांचे सूत्र याच कारणासाठी आहे. इंजिनाचा अडसर ब्रेकला विसावा देतो.

२०/
त्यावरचा उपाय म्हणजे मागच्या घराला स्वतःचे ब्रेक देणे. युरोपने एक चतुर पद्धत रूढ केली : मोटार मंदावली की मागचा ट्रेलर पुढे ढकलू पाहतो, आणि त्याच धक्क्याने त्याचे ब्रेक लागतात. अमेरिकेत विजेवर चालणारे ब्रेक रूढ झाले. ते मोटारीच्या ब्रेकबरोबर लागतात आणि चालक ते हाताने वेगळेही लावू शकतो. ही ‘वेगळी’ सोय पुढे जीव वाचवणारी ठरते.

२१/
कायद्यानेही रेषा आखली. ब्रिटनमध्ये स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंपेक्षा जड असू शकत नाही, आणि तो ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहूनही जड चालत नाही. कॅरॅव्हॅनवाल्यांच्या संघटना याहून पुढे जाऊन सांगतात : नवशिक्याने भरलेल्या घराचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे. हा कायदा नाही. अनुभवातून आलेला संकेत आहे.

२२/
तिसरा प्रश्न सर्वांत गूढ : सरळ राहणे. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेला मोठा ट्रक किंवा खड्डा यामुळे मागचे घर डावी-उजवीकडे डोलू लागते. कमी वेगात डोलणे आपोआप विरते. एका विशिष्ट वेगाच्या पुढे ते विरण्याऐवजी वाढत जाते. काही क्षणांत मागचे घर पुढच्या मोटारीला हलवू लागते. शेपटी कुत्र्याला हलवते.

२३/
कोणत्या वेगाला हे घडेल, हे इंजिनावर अवलंबून नसते. ते भाराच्या मांडणीवर अवलंबून असते, आणि इथे बैलगाडीवाल्याचे ‘उलाळ’ पुन्हा समोर येते. मागे जड असलेला ट्रेलर जोडावर पुरेसा दाब देत नाही आणि फार कमी वेगातच डोलू लागतो.

२४/
ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात जॉस डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी याचा प्रत्यक्ष शोध घेतला. त्यांनी असा प्रायोगिक ट्रेलर वापरला की ज्यातील भार, त्याची जागा आणि आसाचे स्थान बदलता येईल. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार स्थैर्यावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टी तीन : जोडावरचा भार, आसाचे स्थान, आणि वजन दोन्ही टोकांना किती पसरले आहे ते.

२५/
तिसऱ्या गोष्टीचा अर्थ स्वयंपाकघरातील उदाहरणाने कळतो. मधोमध धरलेले लाटणे सहज गरगर फिरवता येते आणि सहज थांबवताही येते. त्याच लाटण्याच्या दोन्ही टोकांना पाण्याचे तांबे बांधले, तर फिरवणे जड आणि थांबवणे त्याहून जड. म्हणून पाण्याच्या टाक्या, पुस्तके, अवजारे असे जड सामान ट्रेलरच्या आसाजवळ, तळाशी ठेवावे. शेवटच्या कपाटात किंवा मागच्या भिंतीबाहेर सायकली टांगणे म्हणजे उलाळीला निमंत्रण.

२६/
याच संशोधनाने एक लोकप्रिय समजही सौम्य केला. जोडावर बसवलेले घर्षणाचे स्थिरक मदत करतात, पण उच्च वेगात त्यांचा परिणाम मर्यादित राहतो. चुकीच्या मांडणीची चूक उपकरण विकत घेऊन पुरती सुधारता येत नाही.

२७/
मग जोडावर भार किती असावा? अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, तर ब्रिटनमध्ये साधारण ५ ते ७ टक्के अशी शिफारस केली जाते. तफावत वाहनांमुळे आहे. युरोपीय मोटारींच्या जोडाची भार सोसण्याची मर्यादा लहान असते आणि तिथे कॅरॅव्हॅनचा वेगही कायद्याने कमी ठेवलेला असतो. ब्रिटिश मोटरवेवर ताशी ६० मैल. अमेरिकी पिकअप जड दाब सोसतात आणि अधिक वेगाने धावतात.

२८/
जड दाबाने पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून अमेरिकेत भार वाटून देणारा जोड रूढ झाला. त्यातील पोलादी पट्ट्या ताणल्या की त्या ढकलगाडीच्या दांड्यांसारखे काम करतात आणि मागे साचलेल्या भाराचा काही भाग मोटारीच्या पुढच्या चाकांवर व काही ट्रेलरच्या चाकांवर पाठवतात. कर्टिस यांनी आसाच्या वर जोड नेऊन सोडवलेली अडचण इथे तरफेने सोडवली.

२९/
एवढे ज्ञान जमूनही एक मोठी उणीव राहिली होती. ‘हे वाहन किती ओढू शकते?’ याचे उत्तर प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देत असे. मोठा आकडा जाहिरातीत शोभून दिसे. अखेर अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संघटनेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे समान मानक प्रसिद्ध केले. टोयोटाने ते प्रथम स्वीकारले. इतर मोठ्या कंपन्या काही वर्षांत मागोमाग आल्या.

३०/
या मानकाची परीक्षा एका खऱ्या घाटावर बेतलेली आहे. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळून वाळवंटातून वर जाणारा हा रस्ता सुमारे १८ किलोमीटर सलग चढतो. पायथ्याशी सुमारे ३८ अंश उष्णता, गाडीतील वातानुकूलन पूर्ण चालू, मागे पूर्ण भार. आणि वेग ताशी ४० मैलांखाली येता कामा नये (मागे दुहेरी चाके असलेल्या ट्रकांना ३५ मैलांची सवलत). याशिवाय थांबणे, सुकाणू आणि डोलणे यांच्याही चाचण्या आहेत.

३१/
तरीही त्या आकड्यात एक गृहीत आहे : वाहनात माणसे दोनच, तीही प्रत्येकी सुमारे ६८ किलोंची, आणि सामान जवळजवळ नाही. खरे कुटुंब असे प्रवास करत नाही. हिशेब असा पाहावा. भरलेला ट्रेलर ३००० किलो. जोडावर १२ टक्के, म्हणजे ३६० किलो. जोडाचे लोखंड ४०. चार माणसे २८०. मागचे सामान १००. बेरीज ७८०.

३२/
समजा, त्या वाहनाची ओढण्याची क्षमता ४००० किलो आहे, पण अंगावर वाहण्याची क्षमता ७०० किलो. ओढण्याच्या आकड्यात १००० किलोंची सवड दिसते. प्रत्यक्षात वाहन ८० किलोंनी अतिभारित आहे. टायर, स्प्रिंग आणि मागचा आस यांनी आपली मर्यादा ओलांडलेली आहे. ओढणे आणि वाहणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि बहुतेक वेळा वाहण्याची क्षमता आधी संपते.

३३/
आणि तरीही डोलणे सुरू झालेच, तर? सहजप्रवृत्ती सांगते : जोरात ब्रेक दाबा, सुकाणू उलट फिरवा. दोन्ही घातक. मोटारीचे ब्रेक लागले की मागचे घर तिला आडवे ढकलते. सुकाणू शक्य तितके सरळ धरावे, वेग देणे हळूहळू थांबवावे, आणि सोय असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. मागून ताण बसला की जोडी पुन्हा एका रेषेत येते. डोलणे थांबवण्यासाठी वेग वाढवणे, हा जुना सल्ला अनेकांना दरीत घेऊन जाऊ शकतो.

३४/
महाराष्ट्रात सुट्टीची फिरती घरे फारशी दिसत नाहीत. पण दर हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या दिसतात. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत उचललेली पाहिली, की ती उलाळ गाडीचीच थोरली बहीण आहे हे ओळखावे. ट्रॅक्टर ऊस ओढतो, म्हणून तो आवरूही शकतो, असे नाही.

३५/
लतूर्नेरचे छायाचित्र खोटे नाही. त्या दिवशी, त्या सपाट जमिनीवर, एका माणसाने खरोखरच घर ओढले. छायाचित्रकाराने कळ दाबली तेव्हा रस्ता उतरत नव्हता, वारा आडवा नव्हता, वाटेत कुणी मूल धावत आले नव्हते. या शतकभराच्या इतिहासातील सारे जोड, ब्रेक, काटे आणि मानके त्या चौकटीबाहेरच्या रस्त्यासाठी आहेत.